डावं बटण

कामगार भरपाईच्या सुनावणीला बसलेल्या अधिकारी बाईंनी टेबलावरच्या फायली बाजूला सारल्या आणि दोन पेपरवेट हातभर अंतरावर ठेवले.

"हे डावं बटण, हे उजवं," त्या म्हणाल्या. मग दोन्हींच्या मधे, थोडा पुढे, स्टॅम्पपॅडचा डबा ठेवला. "आणि हा तुमचा साचा. बरोबर?"

"बरोबर, मॅडम," कंपनीचे वकील घाईने म्हणाले. "दोन्ही बटणं एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येतच नाही. मग आत हात राहीलच कसा? यांनी डाव्या बटणात लाकडाची पाचर ठोकली, म्हणजे ते कायमचं दाबलेलं राहिलं. सुरक्षेचं साधन जाणूनबुजून निकामी केलं, की भरपाई नाही. कायदाच तसा आहे."

'यांनी' म्हणजे खिडकीजवळ बसलेल्या ऑपरेटरने. बिजागऱ्यांच्या साच्यात त्याच्या डाव्या हाताची मधली तीन बोटं गेली त्याला सात महिने झाले होते. तो हात त्याने मांडीवर रुमालाखाली झाकून ठेवला होता. शेजारी बायको. पाचर प्रत्येक मशीनवर होती, त्याशिवाय टार्गेट पुरं होत नसे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण अपघाताच्या दुसऱ्या दिवशी साऱ्या पाचरी गायब झाल्या आणि सगळे कामगार मूग गिळून बसले. 'कंपनीशी भांडणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण,' असं थोरले दीर म्हणाले, तेव्हा ती त्यांच्यावर अशी उखडली होती की ते अजून घरी फिरकलेले नाहीत.

आता साक्षीदार उरला होता एकच. उस्ताद. लाइनचा फोरमन, आणि अठरा वर्षांपूर्वी याच ऑपरेटरला स्टुलावर बसवून काम शिकवणारा. 'सर्वांना दोन्ही हातांनीच शिकवले, पाचर कधी पाहिली नाही,' असा त्याचा जबाब टाइप होऊन फायलीला लागला होता. निवृत्तीला चौदा महिने राहिलेले. पाण्यात राहून माशाशी वैर कोण धरतो! माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. पण ज्याची बोटं गेली त्याला या दोन्हींत फारसा फरक पडत नाही.

"फोरमन तुम्हीच ना?" बाईंनी विचारलं. "या, बसा इथे. काम कसं करतात ते दाखवा."

उस्ताद येऊन बसला. सकाळपासून त्याने ऑपरेटरकडे एकदाही पाहिलं नव्हतं. त्याने पत्रा म्हणून कागदाचा एक कपटा डब्यावर ठेवला, दोन्ही हात मागे घेतले, दोन्ही पेपरवेट दाबले. शाळेतल्या कवायतीसारखं.

"असं, मॅडम."

"तासाला किती नग निघतात?"

"सहाशे."

"मग हे फारच सावकाश झालं. कामावर करता तसं करा. मी सांगेपर्यंत थांबू नका."

"मॅडम, याची काही गरज..." वकील म्हणाले.

"मला मशीन कळत नाही, वकीलसाहेब. बघू द्या."

उस्ताद मोजत मोजत करू लागला. एक. दोन. पाचापर्यंत दोन्ही हात शहाण्यासारखे बटणांवर जात होते. आठव्या नगाला त्याचे खांदे सैल झाले, मान जराशी कलली. तीस वर्षं प्रेसवर बसलेलं अंग ते. त्याला टाइप केलेल्या जबाबाचं काय माहीत? बाराव्या नगाला डावा हात पेपरवेटकडे गेलाच नाही. तो डब्यापाशीच राहिला, कपटा फिरवत, सरकवत. उजवा एकटाच दाबत होता. तेरा. चौदा. वकिलांनी दोनदा खाकरून पाहिलं, पण प्रेसवाल्यांना तसंही कमीच ऐकू येतं.

बायकोने नवऱ्याचं कोपर घट्ट धरलं. बाईंनी पाहिलं असू दे, आणि हा बाबा असाच चालू राहू दे, एवढंच तिला हवं होतं.

सतराव्या नगाला कपटा तिरका पडला. तो नीट करायला उस्तादची बोटं डब्यावर गेली, आणि उजवा हात बटणाकडे खाली येऊ लागला.

"उस्ताद, हात!"

ऑपरेटर ओरडत उभा राहिला होता. रुमाल खाली पडला होता. उस्तादने डावा हात हिसका देऊन छातीशी ओढून घेतला.

समोर नुसता स्टॅम्पपॅडचा डबा होता. तरी कुणी हसलं नाही.

उस्ताद छातीशी धरलेल्या आपल्या हाताकडे बघत राहिला. पाचही बोटं जागच्या जागी होती. मग त्याने पहिल्यांदाच मान वळवून ऑपरेटरचा तो उघडा पडलेला हात पाहिला.

"मॅडम, हे काही पुराव्यात धरता येणार नाही," वकील म्हणाले.

"मी अजून काहीच लिहिलेलं नाही," बाई म्हणाल्या.

"मॅडम." उस्तादने फायलीकडे बोट केलं. "माझा तो जबाब जरा इकडे द्या."

बाईंनी फाइल त्याच्यापुढे सरकवली. त्याने पान काढलं, चष्मा लावला आणि खिसे चाचपले.

"पेन लागेल."

ऑपरेटरच्या खिशाला पेन होतं. त्याने ते अंगठा आणि करंगळीच्या चिमटीत धरून पुढे केलं.