फेरविचारासाठी परत

मी देशाच्या अध्यक्षांच्या कार्यालयातला शिक्का. लाकडी मुठीचा, रबरी तळाचा. माझ्या तळावर दोनच शब्द उलटे कोरलेत: 'फेरविचारासाठी परत'.

'मंजूर' हा माझा जोडीदार. आम्ही दोघं एकाच कारागिराच्या हातून झालो. सभागृहात पास झालेलं विधेयक अध्यक्षांकडे येई, ते सही करत आणि नोंदणीच्या बाई शिक्का मारत. नेहमी जोडीदाराचाच. मी अकरा वर्षं खणात पडून होतो. बाई मात्र दर सोमवारी मला फडक्याने पुसत. "तुझं काम न पडलेलंच बरं," म्हणत.

मग मास्तर अध्यक्ष झाले. खरंच शाळामास्तर होते ते. विधेयक वाचताना शुद्धलेखनाच्या चुकांवर लाल पेन्सिल फिरवत. पंतप्रधान त्यांचे बालमित्र, आणि त्यांनीच मास्तरांना या खुर्चीवर आणलेलं. त्यामुळे मास्तर मान डोलावत सही करणार, असं सगळे धरून चालले होते.

औषधांवर देखरेख करणाऱ्या मंडळाच्या प्रमुख एक डॉक्टरबाई होत्या. त्यांनी मुलांच्या खोकल्याचं एक सदोष औषध बाजारातून काढायला लावलं. कारखानदार वजनदार. सरकारला ते झोंबलं. आठवड्याभरात विधेयक आलं: मंडळाच्या प्रमुखाला सरकार केव्हाही, कारण न देता काढू शकेल आणि त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागता येणार नाही. सभागृहाने ते वीस मिनिटांत पास करून टाकलं होतं.

मास्तरांनी ते दोनदा वाचलं. "बाई, आपला दुसरा शिक्का आहे ना?"

बाईंनी खण उघडला, तेवढ्यात पंतप्रधानच आत आले.

"तुला इथे बसवलं कोणी?" त्यांनी विचारलं.

"तू. पण शपथ घेतली ती तुझ्या नावाने नव्हती रे," मास्तर म्हणाले. "उद्या तुझ्या जागी दुसरा कोणी येईल. तेव्हा अशा डॉक्टरबाईंनी दाद मागायला जायचं कुठे?"

"आम्ही हेच पुन्हा पास केलं तर?"

"तर सही करीन. नियमच आहे तो. पण एकदा नीट वाचून तर पास करा."

पंतप्रधान तडक निघून गेले आणि त्या दिवसापासून त्यांनी मास्तरांना फोन करणं सोडलं. मास्तरांनी परत पाठवण्याची कारणं लिहिली, सही केली आणि बाईंनी मला कागदावर दाबलं. शाईचा तो पहिला गारवा मला अजून आठवतो.

सभागृहात बारा दिवस वादावादी झाली. सरकारच्याच बाकांवरून काहीजण विरोधात बोलले. शेवटी न्यायालयाचं दार बंद करणारं कलम गळलं आणि कारण लेखी देण्याची अट आली. त्या विधेयकावर जोडीदार उमटला. सरकारने डॉक्टरबाईंना काढलंच. त्या न्यायालयात गेल्या, कारण पोकळ ठरलं आणि दोन महिन्यांत त्या आपल्या खुर्चीत परत बसल्या.

पुढच्या वर्षी पाळी मास्तरांची आली. त्यांनी एका जुन्या विद्यार्थ्याला भरती मंडळावर नेमलं होतं, सभागृहाच्या समितीला न विचारता. न्यायालयाने नेमणूक रद्द केली. निकाल वाचून मास्तर लालबुंद झाले. तेव्हा कितीतरी महिन्यांनी पंतप्रधानांचा फोन आला.

"कसं वाटतंय आता?"

"कान गरम झालेत," मास्तर म्हणाले. "पण चूक माझीच आहे. संध्याकाळी जेवायला ये."

आता मास्तरांची मुदत संपली आहे आणि बाईही निवृत्त होताहेत. माझ्या रबराला चीर गेली, म्हणून नवा शिक्का करायला टाकलाय. काल बाई त्यांच्या जागी येणाऱ्या मुलीला काम समजावत होत्या.

"हा वापरायची वेळ आली तर कचरू नकोस. ज्याचा कागद परत जाईल तो रागावेल. रागावू दे. आपण मात्र अबोला धरायचा नाही."

माझ्या जागी येणाऱ्याला याहून निराळं सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही.