रोकडा पगार

आमच्या घरात पितांबर फुवाचा विषय निघाला की माझा बाप म्हणायचा, माणूस वाईट नव्हता. वाईट नव्हताच. पण मला त्याचा राग येतो, अजूनही येतो. तो का येतो हे सांगायचं तर दुसऱ्या महायुद्धाच्या सालात जावं लागेल, म्हणजे माझ्या जन्माच्याही आधी. हे सगळं मी बापाच्या तोंडून ऐकलेलं आहे.

फुई म्हणजे आमच्याकडे बापाची बहीण. माझी फुई कौसाबाई, आणि पितांबर तिचा नवरा, म्हणून तो फुवा. आमच्या गावच्या चुनीलाल पाटलाने तापीकाठी ऊस आणि केळी लावली, नदीचं पाणी वर चढवायला तेलावरचं इंजिन आणलं, पण ते चालवणार कोण? पितांबर फुवा नंदुरबारच्या एका कापसाच्या जिनात इंजिनवाल्याच्या हाताखाली राहून शिकलेला. पाटलाने त्याला महिना अठरा रुपयांवर गावात आणलं. महिन्याच्या महिन्याला रोख पगार घेणारा गावातला तो पहिला माणूस. अंगात खाकी सदरा, कानावर विडी, हातात तेलकट चिंधी. लोक त्याला डायवर म्हणत. कुणी तशी हाक मारली की हा लगेच वळायचा नाही. दुसऱ्यांदा ऐकायला मिळावं म्हणून थांबायचा.

माझा बाप दोधू त्याच पाटलाकडे सालदार होता. सालदाराचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरू होतं ते पुढच्या आखाजीला संपतं. मजुरी म्हणजे मुख्य ज्वारी, वर घोंगडी, वहाणा आणि हातात थोडे पैसे. पाटील गोठा म्हणेल तर गोठा, शेत म्हणेल तर शेत. फुवाचं तसं नव्हतं. पंपात पाणी भरायचं, दिवा लावून इंजिनाचं डोकं तापवायचं, मोठं चाक दोन्ही हातांनी फिरवायचं, आणि एकदा का फटफट सुरू झाली की खोपीत विडी ओढत बसायचं.

"दोधू, तू पाटीलना माणूस, मी इंजिनना," असं तो माझ्या बापाला चिडवायचा. बापही हसायचा. तेव्हा ज्वारी स्वस्त होती, कुणाचं काही अडत नव्हतं.

त्याच रोख पगाराच्या जोरावर फुवाने भिकुबाईचं, म्हणजे आपल्या एकुलत्या एका लेकीचं, लग्न तळोद्याच्या चांगल्या घरात लावलं. व्याह्यांनी चार माणसांत सांगितलं होतं, आमची सून पगारदाराची लेक आहे. ते वाक्य फुवाच्या डोक्यात जाऊन बसलं.

मग लढाईची झळ आमच्याकडेही पोचली. घासलेट मिळेना, कापड मिळेना, आणि ज्वारीचा भाव शहाद्याच्या बाजारात दर आठवड्याला चढू लागला. अठरा रुपये मात्र अठराच राहिले. आखाजीच्या दिवशी पाटलाच्या ओट्यावर सालदारांची बोली चालली होती. पाटलाने फुवालाही बोलावून घेतलं. चुनीलाल पाटील हिशोबी होता, पण मनाचा कोता नव्हता.

"पितांबर, पगार वाढाडानं मन्हा हातमा नही. पन महिनाना महिना ज्वारी देसू, वर जरासा रोकडा. काम तुन्हं इंजिननंच ऱ्हाई."

फुवाने ओट्यावर बसलेल्या सालदारांकडे पाहिलं. त्यात माझा बाप होता. त्या सगळ्यांसमोर फुवा म्हणाला, "पाटील, मी डायवर शे, सालदार नही. माले रोकडाच द्या."

बाप सांगायचा, त्याला तेव्हाच उठून फुवाच्या पाया पडावंसं वाटलं होतं, की बाबा, घे ज्वारी. पण मेहुण्याला भरल्या ओट्यावर शिकवायचं कसं? घरी मात्र फुई गप्प बसली नाही.

"ज्वारी लई लेवाले काय व्हयनं व्हतं? रोकडा काय दळीसन खावाना शे?"

"भिकीना सासराले काय सांगू? डायवर ज्वारीवर ऱ्हास?"

फुईने त्या दिवसापासून आपला मार्ग शोधला.

आधी तिची फक्त एकादशी असायची. पावसाळ्यात सोमवार आला. दिवाळीच्या सुमाराला शुक्रवार धरला, मग गुरुवार. फुवा इंजिनावरून यायचा तेव्हा ताटात त्याची भाकर तयार असायची, पुरेशी, पूर्वी होती तेवढीच. फुई जवळ बसून वाढायची. "मन्हा उपास शे, तुम्ही जेवी ल्या," म्हणायची. उपासाला भगर, शेंगदाणे लागतात, ते कुठे आहेत, एवढंही त्या शहाण्याला विचारावंसं वाटलं नाही! उलट चावडीवर तो कौतुकाने सांगायचा, आमची कौसा आता देवाच्या फार नादी लागली बुवा. घरी तिची थट्टा करायचा, की एवढं पुण्य ठेवणार कुठे. ती हसायची म्हणे.

माझ्या बापाच्या लक्षात आलं होतं. एकदा तो पायलीभर ज्वारी पंच्याच्या गाठोड्यात बांधून बहिणीकडे घेऊन गेला. तिने ती दारातूनच परत केली. "त्यासले समजनं ते त्यासना जीवले लागी," म्हणाली. नवऱ्याच्या जीवाला लागेल म्हणून ही उपाशी. बाप ज्वारी घेऊन परत आला. त्याला पुढे आयुष्यभर वाटत राहिलं की ते गाठोडं तसंच तिच्या घरात टाकून पळून यायला हवं होतं.

पुढची आखाजी जवळ आली. लेकी माहेरी येतात तशी भिकुबाई तळोद्याहून आली. आईला पाहिलं आणि दारातच उभी राहिली. फुईच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत मागे सरकत होत्या. भिकुबाईने चार दिवस डोळे उघडे ठेवले, आणि आखाजीच्या सकाळी, फुवा सदऱ्याची गुंडी लावत असताना, सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"बा, मायले शुक्रवार कदय व्हता? गुरुवार कोणा देवना शे, सांगा. माय उपास करस का उपाशी ऱ्हास?"

फुवाने चुलीकडे पाहिलं. फुई मान खाली घालून राख ओढत होती. तिने नाही म्हटलं नाही.

फुवा तसाच निघाला तो पाटलाच्या ओट्यावर. सालदारांची बोली चालूच होती. तो जाऊन माझ्या बापाशेजारी खाली बसला. बाप दचकला. "दाजी, तुम्ही आठे?"

फुवा पाटलाला म्हणाला, "पाटील, माले ज्वारीवर ठेवा."

पाटलाला बरं वाटलं नसावं. "गये साल सांगं व्हतं तवय तुले नको व्हतं. आते तेल भेटत नही. इंजिन चालनं ते चालनं, नही ते गोठा. सालदारनं समदं काम. चाली का?"

"चाली."

"लोके हासतीन, पितांबर."

"हासू द्या."

कुणी हसलं नाही. पाटलाने ज्वारी मापून द्यायला सांगितलं आणि माझ्या बापाने ते पोतं स्वतःच्या पाठीवर घेऊन बहिणीच्या घरी टाकलं. जे आदल्या वर्षी मानाने मिळत होतं तेच आता गोठ्याच्या शेणासकट मिळालं होतं, पण फुवाला त्याचं काही वाटलं नाही. त्याला घाई होती. भिकुबाईने लगेच दळलं, भाकरी थापल्या. फुवाने दोन ताटं मांडली, आपलं आणि फुईचं. नवरा-बायकोने समोरासमोर जेवायची तेव्हा रीत नव्हती. फुई लाजली, पण बसली.

तिने अर्धी भाकर खाल्ली आणि ताट सरकवलं.

"आजून ले," फुवा म्हणाला.

"बस. आते माले इतलंच लागस."

"कौसा, मन्ही चूक व्हयनी. मी आंधया व्हतू. आते तरी पोटभर खा."

त्याने भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला आणि लेकीसमोर, मेहुण्यासमोर, स्वतःच्या हाताने तिच्या तोंडाशी नेला. फुईने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तो घास घेतला. मग दुसराही घेतला. थोड्या वेळाने ती उठली, मागच्या दारी गेली, आणि तिच्या ओकण्याचा आवाज आत ऐकू आला; वर्षभर उपाशी राहिलेल्या पोटात भाकर ठरत नव्हती. भिकुबाई पाणी घेऊन धावली. फुवा हात न धुता तसाच ताटावर बसून राहिला.