तापल्यावर चढणारा सूर

आजोबांचा जुना सिंथेसायझर कायमचा मुका झाला, त्याला आता बरीच वर्षं झाली. नातीने कार्यक्रमांसाठी नवा डिजिटल कीबोर्ड घेतला तेव्हा त्यांनी हळूच मागणं घातलं, "यातून त्याचा आवाज काढून देशील? आजी गायची त्याच्यावर."

आजी गेली, तिचे फोटो राहिले. गाणं मात्र कुणी भरून ठेवलं नव्हतं, आणि हल्ली तिचा आवाज त्यांना आठवेनासा झाला होता. तो जुना सूर वाजला तर त्यामागोमाग तिचा आवाजही येईल, अशी वेडी आशा होती.

"आधी दोन सूर एकावर एक ठेव," लहान मुलांना शिकवावं तसे ते सावकाश सांगत होते. "आता एक केसभर उतरव. घासतात की नाही एकमेकांना? आता फिल्टर बंद करत आण. अजून. पांघरुणातून बोलल्यासारखं वाटू दे."

"हुबेहूब झालं की, आजोबा!"

त्यांनी आजीचं गाणं अथपासून इतिपर्यंत वाजवलं आणि हात मांडीवर ठेवले. "नाकडोळे तेच आहेत गं. माणूस तो नाही."

"आता काय राहिलं? माझे कान किटले!"

त्यांनी कीबोर्डच्या पाठीवर हात ठेवून पाहिला. मग एकदम हसले. "अगं, हा फारच गुणी आहे! आमचं धूड तापलं की सूर वर चढायचा. मी वाजवण्यात दंग, आणि आजीची बिचारीची गाता गाता दमछाक. माईकवर हात ठेवून डावीकडून असे डोळे वटारायची..."

नातीने पट्टी बदलायचं बटण धरलं. "वाजवा तुम्ही. मी चोरून चढवते."

पहिलं कडवं सरळ गेलं. दुसऱ्यात सूर किंचित वर सरकला, तिसऱ्यात चांगलाच. आजोबांची मान आपोआप डावीकडे वळली. तिथे नुसतं कपाट होतं. तरी त्यांच्या चेहऱ्यावर पकडलं गेल्याचं ओशाळं हसू आलं. गाणं नाही, पण दबलेलं, चिडकं काहीतरी अगदी कानाशी आलं: अहो, उतरवा ते!

"आजोबा, फारच चढलंय. उतरवू?"

"नको, नको," वाजवता वाजवताच ते घाईने म्हणाले. "उतरवलंस तर ती गप्प होईल."