बत्तीस बॉल

बेसबॉलच्या मॅचमध्ये सातव्या इनिंगला मैदानाच्या कडेला असलेला फोन वाजला आणि आमचा शैलेंद्र जॅकेट काढून उठला.

"वीणा, आला गं तुझा शैलू!" मागच्या रांगेतून मालिनी म्हणाली. ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडहून तीन व्हॅन भरून आलेली आमची मराठी मंडळी टाळ्या वाजवू लागली. अनिल कॅमेरा घेऊन पार कठड्यापर्यंत धावला.

शैलेंद्र आत आलाच नव्हता. कडेच्या पट्टीवर तो नुसता हात गरम करत होता. आत बॉल टाकणारा पिचर अडचणीत आला तर याला बोलावतात, नाही आला तर परत बसवतात. पण आमची सगळी क्रिकेटवर वाढलेली माणसं. ज्याच्या हातात बॉल तो बोलर, एवढंच त्यांचं गणित. मी सांगायला हवं होतं. माझ्या मांडीवर स्कोअरबुक होतं आणि सकाळीच मी त्यात शेवटच्या ओळीत शाईने त्याचं नाव लिहून ठेवलं होतं.

नऊ वर्षं तो खालच्या लीगमध्ये बसने गावोगाव फिरला. हिवाळ्यात फरशीच्या दुकानात काम करायचा. गुरुवारी त्याचा फोन आला, "बाबा, मला वर बोलावलंय. एक पिचर इंजर्ड आहे. संडेला ह्यूस्टनमध्येच मॅच आहे." वरच्या लीगच्या मॅचमध्ये एक बॉल टाकला, तरी नाव रेकॉर्डमध्ये कायमचं राहतं. मला तो एक बॉल हवा होता.

आतल्या पिचरने एकाच बॉलवर दोघांना बाद केलं. फोन पुन्हा वाजला. शैलेंद्रने जॅकेट घातलं आणि बसला. आठव्या इनिंगला तो परत उठला, परत बसला. मग मॅच संपली. मला वाईट वाटायला हवं होतं, पण काहीच वाटत नव्हतं. मी पेन्सिलीला टोक काढत बसलो.

खेळाडूंच्या दारातून तो बॅग घेऊन बाहेर आला तेव्हा सगळ्यांनी त्याला गराडा घातला.

"काय फास्ट टाकतोस रे!" अनिल म्हणाला. "अख्खा रोल संपवला मी."

"थँक्यू, काका."

वीणाने लाडवांचा डबा त्याच्या हातात दिला. "घरी गेल्यावर पुण्याला फोन लावते. अप्पांना सांगते, नातू खेळला म्हणून."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "सांग, आई," तो म्हणाला.

मंडळी व्हॅनकडे वळल्यावर तो माझ्याजवळ आला. "मॅनेजरने ऑफिसमध्ये बोलावलं होतं, बाबा. रिलीज केलं मला. खालच्या टीममध्येही जागा नाही आता." दुकान आज बंद आहे म्हणावं, तसं त्याने हे सांगितलं.

मग त्याची नजर माझ्या काखेतल्या स्कोअरबुकावर गेली.

"बुक दाखवा ना."

मी पान उघडलं. त्याच्या नावापुढचे सगळे चौकोन कोरे होते. पण समासात मी पेन्सिलीने बारीक उभ्या रेघा ओढल्या होत्या. कडेला टाकलेल्या बॉलसाठी स्कोअरबुकात रकाना नसतो.

त्याने बोट ठेवून त्या रेघा मोजल्या. "थर्टी वन," म्हणाला. "थर्टी टू होते, बाबा."

मी खिशातून पेन्सिल काढली आणि आणखी एक रेघ ओढली.