सातवी ओळ

आमच्या ह्यांना दिसत नाही हे मला कळलं, तेव्हा आधी मला रागच आला. खरं सांगते, दया नंतर आली. ओट्यावर हात फिरवत चहाचा कप शोधत होते आणि मलाच वर म्हणत होते, दिवा लाव की, किती अंधार केलायस. बाहेर लख्ख ऊन होतं आणि दिवाही लागलेला होता.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. साखरेनं डोळ्यांचे पडदे गेलेत, मोतीबिंदू नाही की काढला आणि झालं. आहे तेवढं टिकवा, आणि गाडी आजपासून बंद. हे बाहेर आल्यावर रिक्षास्टँडच्या कठड्यावर बसले ते उठेचनात.

"कुसुम," शेवटी म्हणाले, "मला दुसरं काहीच येत नाही गं."

आणि ते काही खोटं नव्हतं. ह्यांचं घर लोणी काळभोरला, सोलापूर रोडला लागून. चार-पाच वर्षांचे असल्यापासून पातेल्याचं झाकण दोन्ही हातांत धरून, तोंडानं गिअर टाकत गावभर पळायचे. आमच्या सासूबाई सांगायच्या, आमटीवर ठेवायला घरात झाकण म्हणून मिळायचं नाही. पाठमोरे उभे राहून नुसत्या आवाजावरून सांगायचे, ट्रक भरलेला आहे की रिकामा. सासरे, बाबुराव, कपाळावर हात मारायचे. बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितलं आणि आमचं कार्टं झाकणं फिरवतंय! त्यांना मुलगा कचेरीत खुर्चीवर बसलेला बघायचा होता. हे दहावी करून ट्रक धुवायला लागले, तेव्हा त्यांनी दोन वर्षं बोलणं टाकलं.

मग हिंजवडीत कंपन्या आल्या आणि कंपन्यांच्या बसेस. ह्यांना कंत्राटदाराकडे एकेचाळीस सीटची बस मिळाली, पांढरीशुभ्र, एसीवाली. येरवड्यावरून निघायचं, आमच्या बोपोडीवरून औंध, वाकड, हिंजवडी. सासरे त्या बसमध्ये एकदाच बसले, बोपोडी ते औंध. उतरताना ड्रायव्हरच्या सीटवर हात ठेवून म्हणाले, "खुर्ची बरी आहे." तेवढ्या तीन शब्दांवर आमचे हे सतरा वर्षं जगले. एक दिवस दांडी नाही. कितीही ट्रॅफिक असू दे, मागची पोरं झोपेतून उठायची नाहीत असा ब्रेक मारायचे, आणि घरी येऊन मला ते सांगायचे.

असा माणूस दवाखान्यातून आल्यापासून घरात बसला. रजा टाकली होती, आठ दिवसांची. जेवणावरची वासना गेली. रस्त्यावरून बस गेली की उजवा पाय आपोआप फरशीवर दाबला जायचा. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, मी नसतो तर बरं झालं असतं. मी त्यांना वाट्टेल ते बोलले आणि मग मोरीत जाऊन तोंड दाबून रडले.

आता पुढचं मी केलं. ते कुणाच्या गळ्यात घालायचं नाही मला.

कंत्राटदाराच्या यार्डात दरवर्षी ड्रायव्हरांचे डोळे तपासतात. डिझेलच्या शेडला अक्षरांचा तक्ता टांगतात, वर मोठं अक्षर, खाली बारीक बारीक होत जाणारं. तक्ता दरवर्षी तोच, उजवा कोपरा फाटलेला. तपासणी दोन दिवस चालते आणि ह्यांची पाळी दुसऱ्या दिवशी होती. पहिल्या दिवशी मी डबा घेऊन यार्डात गेले. रजेवरच्या माणसाला डबा कशाला, हे कुणी विचारलं नाही. शेडपाशी उभं राहून सगळ्या ओळी डब्याच्या पिशवीवर पेनानं उतरवल्या.

मी बालवाडीत शिकवते. तीन वर्षांच्या पोरांना अक्षरं पाठ करून घ्यायची, हाच माझा धंदा. ह्यांना अर्ध्या दिवसात तयार केलं. मी कणीक मळत होते आणि हे भिंतीला टेकून म्हणत होते. पाचवी ओळ, सहावी ओळ. सातवीवर अडायचे.

"सातवी?"

"ल, प, ट... ग..."

"ट नंतर न. मग ग, र. परत."

उलटीकडूनही घोटून घेतली, कारण तपासणीचा डॉक्टर कधी कधी उजवीकडून विचारतो म्हणे. आणि त्यानं नेमकी सातवीच विचारली, तीही उजवीकडून. र, ग, न, ट, प, ल. कागदावर 'फिट' असं लिहून मिळालं. साखरेचा पेशंट येताना पाव किलो जिलबी घेऊन आला. आणि मी ती खाल्ली.

सोनालीला, आमच्या मुलीला, ह्यातलं काही सांगितलं नाही. ती तेव्हा लोणीच्या कॉलेजात होस्टेलवर, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. हे परत बस चालवायला लागले. मला सांगायचे, काळजी करू नकोस, धुरकट का होईना दिसतं, आणि रस्ता मला पाठ आहे. कुठल्या खड्ड्यानंतर कुठलं वळण, कुठल्या स्टॉपला किती पावलं आधी ब्रेक. मीही म्हणायचे, हो, पाठ आहे. एका संध्याकाळी हात धुताना सहज म्हणाले, आज वाकडला एक सायकलवाला मध्ये आला, मागून पोरं ओरडली म्हणून वाचला.

"वाचला ना?" मी म्हणाले, आणि ताट वाढलं. काय बाई आहे मी!

असे आठ महिने गेले. मग सोनालीला नोकरी लागली, हिंजवडीत, ह्यांची बस जाते त्याच कंपनीत. गळ्यातलं कार्ड मिरवत घरी आली. ह्यांच्या अंगात तर दहा वर्षांच्या पोराचं वारं शिरलं. तिला सांगायला लागले, बोपोडीच्या स्टॉपवर सात दहाला उभी राहा, माझ्या मागची पहिली सीट तुझी, कुणाला बसू देणार नाही.

"नको," मी म्हणाले. "ती पीएमटीनं जाईल."

दोघंही बघायलाच लागले. सोनाली हसली, घरची एसी बस सोडून उभ्यानं लोंबकळत कशाला जाऊ, म्हणाली. मी म्हणून गेले, की पहिल्याच दिवशी ऑफिसात कळायला नको, ड्रायव्हरची मुलगी आहे म्हणून. शब्द तोंडातून गेले आणि जीभ हासडून टाकावीशी वाटली. सोनाली भडकली. मी शिकले कुणाच्या जिवावर, मला कसली लाज, असं बरंच बोलली. हे मात्र एकदम बारीक आवाजात म्हणाले, "तुला माझी लाज वाटते, कुसुम?"

सव्वीस वर्षांच्या संसारात मला कधी त्यांची लाज वाटली नव्हती. ते तसं समजून बसले असते तर मेलेच असते. मग मला खरं बोलावंच लागलं.

"लाज नाही हो. भीती वाटते. माझी एकच पोर आहे."

सोनालीला काही उमगेना, ती एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होती. हे खाली बसले. म्हणाले, "बाकीचे चाळीस कुणाचे गं?"

आठ महिने रोज सकाळी मीच त्यांना डबा देऊन पाठवत होते. चाळीस आयांची पोरं त्यांच्या मागं बसून झोपत होती, आणि ती माझ्या एकदाही मनात आली नव्हती. खिशातून बसची किल्ली काढून त्यांनी ओट्यावर ठेवली. ठेवताना ओटा कुठं संपतो ते हातानं चाचपलं, आणि तेव्हा सोनालीला सगळं कळलं. ती त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. ते रडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे मीच त्यांना धरून यार्डात नेलं. कंत्राटदार म्हणाला, कागदावर तर फिट आहात समाधानराव, नसता खुळेपणा कशाला? ह्यांनी किल्ली त्याच्या टेबलावर ठेवली. निघताना यार्डात उभ्या असलेल्या बसच्या दारावरून एकदा तळहात फिरवला. मी दुसरीकडे बघत राहिले.

आता ती बस दुसराच कुणी चालवतो. सोनाली तिनंच जाते. सात दहाला स्टॉपवर ब्रेक लागल्याचा आवाज घरात येतो, हे मान वर करून ऐकतात. काल मी कणीक मळत होते. हे नेहमीसारखे भिंतीला टेकून बसले होते आणि पुटपुटत होते. मी कान दिला. ल, प, ट, न, ग, र. एकदाही न अडता.

"आता कशाला म्हणता ते?" मी ओरडलेच त्यांच्या अंगावर. "पुरे करा."

"जात नाही गं डोक्यातून," ते म्हणाले. "तू फार चांगलं शिकवलंस."