तांब्याच्या घंगाळातलं इन्सुलिन

“चारशे अठ्ठ्याहत्तर!”

माइकवरून आकडा जाहीर झाला आणि अख्खं हॉटेल “अरेरे!” म्हणालं. आकडा माझ्या भाचीच्या रक्तातल्या साखरेचा होता. गंधाली अकरा वर्षांची. सातव्या वर्षापासून दिवसाला चार वेळा इन्सुलिन घेते, कारण तिच्या शरीरात ते तयारच होत नाही. तो आकडा ऐकून तिची आई, माझी धाकटी बहीण निवेदिता, पांढरीफटक पडली.

शहागडच्या अलीकडे, हायवेला लागून हे ‘मायेचा घास’ नावाचं व्हिगन हॉटेल आहे. इथे दूध, तूप, मध काही चालत नाही. शेंगदाण्याच्या दह्याची कढी, सोयाबीनचा खिमा, नारळाच्या दुधातली खीर आणि तव्यावरची गरम भाकरी. खोटं कशाला बोलू, कढी फर्मास होती. पण कढीसाठी कोणी जालन्याहून जीप भरून येत नाही. गर्दी होती ती मालकासाठी, म्हणजे अन्नयोगी काकासाहेबांसाठी.

“वासराचं दूध चोरून पिता, त्या वासराचा शाप रक्तात उतरतो!” काकासाहेब माइकवर सांगत होते. “डॉक्टर त्यालाच डायबिटीस म्हणून राह्यले! डॉक्टरला शाप कळतो का? मशीन कळते फक्त. मंग मशीनच लावू. आधी मोजू, जेऊ घालू, परत मोजू!”

दारातच प्रत्येकाला गूळपाणी मिळत होतं. आपल्याकडे पाहुण्याला देतात तसंच, पण इथे त्याला विधी जोडलेला. गुळाचा खडा उजव्या मुठीत घट्ट धरायचा, डोळे मिटून संकल्प करायचा, मग खडा तोंडात टाकायचा. संकल्पाचा हात जेवण होईपर्यंत धुवायचा नाही. त्याच हाताच्या बोटाला सुई टोचून पहिला आकडा काढायचा.

गंधाली जेवली. सेवेकऱ्याने कोमट लिंबूपाण्याने तिचा हात स्वच्छ धुऊन पुसला आणि पुन्हा बोट टोचलं.

“दोनशे चौदा! अर्ध्या तासात निम्मी साखर भाकरीनं खाल्ली! सोडा आता सुया!” काकासाहेब गरजले.

टाळ्यांचा कडकडाट झाला. व्यासपीठाजवळ तांब्याचं मोठं घंगाळ ठेवलं होतं. त्यात लोकांनी सोडलेली इन्सुलिनची पेनं, गोळ्यांच्या पट्ट्या, सिरिंजा यांचा खच पडला होता. मी काही बोलायच्या आत निवेदिता उठली आणि गंधालीची दोन्ही पेनं त्यात टाकून आली. जेवणाआधीचं इंजेक्शन तिने काकासाहेबांच्या सांगण्यावरून आधीच टाळलं होतं.

गेल्या वर्षी तापात दोनच दिवस डोस चुकले होते. तेव्हा ही पोर उलट्या करत, धापा टाकत अतिदक्षता विभागात पोचली होती. तिच्या श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास येत होता, तो मला अजून आठवतो.

“ती पेनं परत द्या,” मी उभी राहिले.

“घेता येत न्हाई, बाई,” काकासाहेब हळू आवाजात म्हणाले, पण माइक चालूच होता. “सोडलेलं परत घेतलं की साखर सातपट होऊन येते. मागच्या महिन्यात एकीनं घेतलं. आज तिच्या फोटोला हार हाय.”

चार बाप्ये उठून आमच्या टेबलाभोवती उभे राहिले. निवेदिताने माझं मनगट धरलं. “ताई, बस ना गं. लेकराला काही झालं तर?”

काही होणारच होतं, त्याचीच तर मला धास्ती होती. तेवढ्यात गंधालीने माझा कुर्ता ओढला.

“मावशी, मला भेव वाटून राह्यलं. डॉक्टरकाका सांगतात, आधी हात धू, मंग टोच. इथं पहिल्यांदा धुऊच दिला न्हाई. बोट चिकट होतं माझं.”

एवढी शिकलेली मी, सरकारी कार्यालयात वीस वर्षं फायली तपासणारी, आणि हे मला सुचलं नव्हतं!

गंधालीचं साखर मोजायचं यंत्र निवेदिताच्या पिशवीत होतं. मी डावा हात साबणाने धुऊन, पुसून आले. दारातून गुळाचा खडा घेऊन उजव्या मुठीत धरला. संकल्पही केला, कसला ते सांगत नाही. मग व्यासपीठावर चढले आणि सगळ्यांसमोर गंधालीला म्हटलं, “टोच, बाळा. आधी डावा.”

“एकशे दोन,” ती म्हणाली.

“आता उजवा.”

“तीनशे एक्क्याण्णव!”

“मला डायबिटीस नाही!” मी माइक ओढून घेतला. लाथ बसेल की काय या भीतीने आवाज फाटत होता, पण ओरडले. “एकाच बाईच्या दोन हातांत दोन रक्तं असतात का? हा आकडा रक्ताचा नाही, बोटावरच्या गुळाचा आहे! धुतलेल्या हाताचा आकडा खरा. पोरीचे दोनशे चौदा आधीपासून तेवढेच असतील, नाहीतर कमी. भाकरीने काही खाल्लं नाही!”

मागच्या टेबलावरून एक म्हातारी भिंतीला धरत उठली. “बाई, मेरी देखो. आठ दिन से सुई बंद है. पानी पी पी के बेजार हूँ.”

त्यांचं नाव अकबरबी. शेजारी त्यांचा मुलगा मुनीर उभा होता. जुन्या भक्तांना इथे मशीन लावतच नसत, नुसतं जेवू घालत. आम्ही त्यांचा हात दोनदा धुतला. यंत्रावर आकडा आलाच नाही, साखरेने त्याच्या मोजण्याची हद्दच ओलांडली होती. मुनीर आईला उचलून गाडीकडे धावला. मग मात्र लोक घंगाळावर तुटून पडले आणि आपापली औषधं शोधू लागले. काकासाहेब स्वयंपाकघराच्या दाराने पसार झाले. पुढे पोलिसांत तक्रार झाली, त्यावर पहिली सही मुनीरची.

गाडीत गंधालीने घंगाळातून परत मिळवलेल्या पेनाने स्वतःच इंजेक्शन घेतलं. निवेदिता रडत होती. “ताई, रोज चार सुया गं. मला वाटलं, एक दिवस तरी सुटेल पोरीची.”

माझ्या बहिणीला मूर्ख म्हणू नका. ती दमली होती, आणि दमलेल्या माणसाला आशा विकणं फार सोपं असतं. चमत्काराचा आकडा कुणी दाखवला, तर तो कसा काढला ते आधी विचारा. विचारल्याने देव कोपत नाही. कोपतो तो भोंदू. आणि इन्सुलिन चालू असेल, तर तुमच्या डॉक्टरशिवाय कुणाच्याही सांगण्यावरून ते थांबवू नका.

अकबरबी दवाखान्यात दोन दिवस शुद्धीवर नव्हत्या. तिसऱ्या दिवशी डोळे उघडले तेव्हा त्यांनी मुनीरला पहिलं हेच विचारलं, “सुई दी क्या?”