म्हातारीच्या उशाशी

कापडाचा व्यापारी तिबो याने पेरोनेलला घरीच बोलावून घेतलं. रुआं शहरात ती प्रार्थनेच्या पोथ्या रंगवायची. तिबोला आईच्या पोथीत मरणाचं पान हवं होतं: आई शेवटच्या अंथरुणावर, वर तिचा आत्मा तोलणारा देवदूत आणि उशाशी रडणारे मुलगा-सून.

"आई आहे तोवर चेहरा उतरवून घ्या," तो म्हणाला.

जिन्यातच दुर्गंधी आली. म्हातारी मुताने भिजून वाळलेल्या पेंढ्यावर पडली होती. पाठीच्या जखमेतल्या पुवाने चादर अंगाला चिकटली होती, ओठांवर माश्या बसल्या होत्या. सून इझाबो उंबरा ओलांडेना.

"माझा झगा निळा दाखवा हं, चितारीणबाई. आणि अश्रू ठसठशीत."

"यांचं अंग कधी पुसलंत?"

"मोलकरणीला शिसारी येते. तिला तरी किती बोलायचं?"

"पाणी," म्हातारी पुटपुटली.

"नका देऊ. पुन्हा अंथरूण ओलं करतील."

पेरोनेलने स्वतःच खालून पाणी आणलं, म्हातारीला घोट घोट पाजलं, जखम धुतली. चादर सोलून काढताना म्हातारी विव्हळली. मग तिने पेरोनेलची दोन बोटं घट्ट धरली, ती संध्याकाळपर्यंत सोडली नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हातारी गेली.

आठवड्याने पेरोनेलने पान नेऊन दिलं. देवदूत, तराजू, पारड्यात तान्ह्या बाळाएवढा उघडा आत्मा, सगळं होतं. उशाशी मात्र कोणी नव्हतं.

"आम्ही कुठे आहोत?" तिबो ओरडला.

"त्या खोलीत तुम्ही नव्हतातच."

"जीभ आवरा! गावातले बाकीचे चितारी मेलेत का?"

मेले नव्हते. म्हातारीला जाऊन वर्ष झालं तेव्हा चर्चमध्ये इझाबोने शेजारणींना पोथी उघडून दाखवली. पान तेच, पण त्यात आता दोघं गुडघे टेकून बसली होती आणि गालांवर टपोरे अश्रू होते.

"किती केलंत हो सासूबाईंचं!" एकजण डोळे पुसत म्हणाली.

"शेवटपर्यंत जागची हलले नाही मी," म्हणत इझाबोने देवदूताच्या पायांना ओठ लावले.

"खोटं!" मागून पेरोनेल म्हणाली. "म्हातारीच्या तोंडावर माश्या घोंघावत होत्या. तू पाण्याचा घोटसुद्धा देऊ देत नव्हतीस."

एकीने इझाबोच्या खांद्यावर हात ठेवला. "सोडा हो. काम दुसऱ्याला दिलंत म्हणून जळतेय मेली."

पेरोनेल बाहेर आली आणि चर्चच्या भिंतीला हात टेकून भडाभडा ओकली.